वाचक विचारतात: स्केट्स काढून ठेवल्यावर पुढे काय?

मागच्या अंकात आइस हॉकीवर एक छोटं टिपण लिहिलं होतं, खेळाडू रिटायर झाल्यावर कोच कसे होतात त्यावर. मला वाटलं दोनचार जण वाचतील आणि पान उलटतील. पण मेल बरेच आले, काही प्रश्न तर अगदी सारखेच होते, ते एकत्र केलेत. उत्तरं जशी सुचली तशी लिहिलीत, कुठे लांबलंय, कुठे दोन ओळीत आटपलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: कॅरोलिना हरिकेन्सचा कोच रॉड ब्रिंडामोर पूर्वी त्याच टीमचा कॅप्टन होता असं तुम्ही लिहिलं होतं. म्हणजे कॅप्टन होता म्हणून कोच केला, वशिलाच ना हा? त्याचं करिअर जरा नीट सांगाल का?

वशिला म्हणायचं तर म्हणा, पण मग तो वशिला आठ वर्षं उशिरा लागला असं म्हणावं लागेल :)

सुरुवातीपासून सांगतो. जन्म १९७० चा, कॅनडात ओटावाचा, वाढला ब्रिटिश कोलंबियातल्या कॅम्पबेल रिव्हर गावात. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये सेंट लुईस ब्लूजने त्याला नवव्या नंबरवर घेतला. ड्राफ्ट म्हणजे एनएचएलच्या (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग) टीम्स अठरा वर्षांच्या आसपासची पोरं पाळीपाळीने उचलतात तो कार्यक्रम. मग एक वर्ष मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळला, दोन सीझन ब्लूजकडे काढले आणि १९९१ मध्ये ट्रेड होऊन फिलाडेल्फिया फ्लायर्सकडे गेला. नाव झालं ते तिथे. सेंटर खेळायचा, म्हणजे फेसऑफ घ्यायचा (खेळ सुरू करताना दोघांच्या मध्ये टाकलेली रबरी चकती, म्हणजे पक, आपल्याकडे ओढायचा), गोल करायच्या मागे धावायचा आणि परत मागे येऊन समोरच्याचा सगळ्यात डेंजर माणूस अडवायचा. फ्लायर्सकडून सलग ४८४ मॅच खेळला, मध्ये एक पण चुकवली नाही. ज्या खेळात रोज कुणाचा ना कुणाचा दात पडतो, बोट मोडतं, त्यात सहा वर्षं रोज हजर राहायचं, विचार करा. व्यायामाचं इतकं वेड की टोपणनावच पडलं ‘रॉड द बॉड’.

१९९७ ला फ्लायर्स फायनलला गेले (फायनल एका मॅचची नसते, आधी चार मॅच जिंकेल तो जिंकला) आणि डेट्रॉइटने त्यांना ४-० ने धुतलं. २००० च्या जानेवारीत त्याचा परत ट्रेड झाला, या वेळी कॅरोलिनाला. कॅरोलिनाची टीम तेव्हा नवीच, १९९७ पर्यंत ती हार्टफर्डला होती. २००२ मध्ये ही टीम फायनलला गेली आणि समोर परत डेट्रॉइट, परत हार. दोन्ही वेळा डेट्रॉइटच्या बेंचमागे एकच म्हातारा उभा होता, स्कॉटी बोमन. त्याच्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आलाय, तेव्हा बोलू.

मग २००५ मध्ये कॅप्टन झाला आणि २००६ मध्ये कप, म्हणजे स्टॅनली कप, एनएचएलचं विजेतेपद. एडमंटनविरुद्धची ती फायनल सात मॅच चालली. पहिल्या मॅचमध्ये कॅरोलिना ०-३ मागे होती, तिथून बरोबरी झाली, एडमंटनचा मेन गोली (गोलकीपर) जखमी होऊन बाहेर गेला, आणि शेवटचं अर्धं मिनिट राहिलेलं असताना बदली गोलीचा जाळ्यामागे घोळ झाला, पक सुटला आणि ब्रिंडामोर जिथे असायला हवा बरोबर तिथे उभा. रिकाम्या जाळ्यात टाकला, ५-४. लोक याला नशीब म्हणतात. मला वाटतं वीस वर्षं प्रत्येक शिफ्टला (बर्फावरच्या प्रत्येक खेपेला) तिथपर्यंत धावत जाणाऱ्याला एकदा असा पक मिळणारच. २००६ आणि २००७ दोन्ही वर्षी त्याला सेल्की ट्रॉफी मिळाली, ती सगळ्यात चांगला बचाव करणाऱ्या फॉरवर्डला देतात.

आता पुढचा भाग, जो त्याच्याबद्दल लिहिणारे सहसा दोन वाक्यात उरकतात आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. २००९-१० हा शेवटचा सीझन. वय ३९. ८० मॅचमध्ये फक्त ९ गोल आणि प्लस-मायनस मध्ये उणे २९. प्लस-मायनस म्हणजे तुम्ही बर्फावर असताना आपल्या टीमने केलेले गोल वजा आपल्यावर झालेले गोल (पॉवर प्लेचे, म्हणजे समोरच्याचा माणूस पेनल्टी लागून बाहेर बसलेला असताना केलेले, धरत नाहीत). दोनदा सेल्की जिंकलेल्या माणसाचं उणे २९! सीझन चालू असतानाच जानेवारीत कॅप्टनपद काढून एरिक स्टालला दिलं. बाकी कुणी असता तर तोंड पाडून बसला असता, हा राहिलेला सीझन पूर्ण खेळला, आणि मग रिटायर झाला. १४८४ मॅच, ४५२ गोल, एकूण ११८४ पॉइंट्स (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून). २०११ मध्ये त्याचा १७ नंबरचा जर्सी टीमने कायमचा काढून टांगून ठेवला, तो नंबर आता तिथे कुणालाच मिळत नाही.

आणि त्याच वर्षी तो असिस्टंट कोच झाला. सात सीझन असिस्टंट! ज्याचा जर्सी छताला लटकतोय तो माणूस खाली बर्फावर एकोणीस वर्षाच्या पोरांना फेसऑफला स्टिक कशी धरायची ते दाखवतोय, सकाळी लवकर येऊन व्हिडिओ बघतोय, हेड कोच बदलला तरी हा तिथेच. २०१८ च्या मे महिन्यात त्याला हेड कोच केलं तेव्हा टीमने २००९ नंतर प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, बघितलाच नव्हता. पहिल्याच वर्षी टीमला टेबलमध्ये ९९ पॉइंट्स, प्लेऑफ, पहिल्या राउंडला आदल्या वर्षीचे चॅम्पियन वॉशिंग्टन, सातव्या मॅचला डबल ओव्हरटाइममध्ये त्यांना घरी पाठवलं, मग आयलंडर्सना ४-०. पुढे बॉस्टनने त्यांना ४-० केलं ते सोडा. २०२१ मध्ये जॅक अ‍ॅडम्स अवॉर्ड, म्हणजे वर्षाचा बेस्ट कोच.

तेव्हा वशिला होता की नाही ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न: ग्रेट्झकी एवढा महान, मग कोच म्हणून का चालला नाही? मोठे खेळाडू कोच म्हणून फेल जातात असा नियम आहे का?

नियम वगैरे काही नाही, पण ग्रेट्झकीचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडावर असतं हे खरं. २८५७ पॉइंट्स, त्यातले नुसते असिस्टच १९६३, म्हणजे गोल सगळे पुसून टाकले तरी लीगच्या इतिहासात एकूण पॉइंट्समध्ये हाच पहिला. १९९९ ला रिटायर झाला आणि २००५ मध्ये फीनिक्स कोयोटीजचा थेट हेड कोच. आधी असिस्टंट नाही, छोट्या लीगमध्ये नाही, कुठेच नाही. चार सीझन, १४३ विजय, १६१ हार, २४ ओव्हरटाइममधल्या हार, एकदाही प्लेऑफ नाही. टीम पण कच्ची होती, मालकाचे पैशाचे वांधे होते, टीम दिवाळखोरीत गेली, त्याचा सगळा दोष त्याच्यावर टाकणं बरोबर नाही.

पण एक गोष्ट आहेच. ग्रेट्झकीला पक कुठे जाणार हे दिसायचं. आता जे आपल्याला आपोआप दिसतं ते समजावून कसं सांगणार? तुम्हाला पोहता येतं, तर पाण्यावर तरंगायचं कसं हे शब्दात सांगून बघा. ज्याला खेळ अवघड गेला, ज्याला टिकून राहायला प्रत्येक शिफ्टला डोकं चालवावं लागलं, त्याच्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं, असं माझं मत आहे. त्यासाठी तो भुक्कड खेळाडूच असला पाहिजे असं मात्र नाही.

मार्टिन सेंट लुईस बघा. हा स्टारच, २००४ मध्ये टाम्पाबरोबर कप, त्याच वर्षी हार्ट ट्रॉफी म्हणजे लीगचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर. पण उंची पाच फूट आठ इंच, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नाही, कॅल्गरीने तर २००० मध्ये सोडून दिला. म्हणजे स्टार असूनही त्याला सगळं शोधून शोधून काढावं लागलं. रिटायर झाल्यावर मुलांच्या टीमला कोचिंग करत होता, शाळकरी पोरांना, आणि तिथून २०२२ च्या फेब्रुवारीत मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने उचलून थेट हेड कोच केला. तेव्हा खूप जण हसले. २०२५ मध्ये त्याने ती तरुण टीम प्लेऑफला नेली.

आणि जाक लमेर. खेळाडू म्हणून मॉन्ट्रियलकडून बारा सीझनमध्ये आठ कप! १९७९ चा कप जिंकल्या जिंकल्या सोडून दिलं आणि गेला कुठे, तर स्वित्झर्लंडमध्ये सिएरच्या टीमला, प्लेयर-कोच म्हणून. मग अमेरिकेत एका छोट्या कॉलेजला, मग क्युबेकच्या ज्युनियर लीगमध्ये पोरांना. इतकं फिरून मग मॉन्ट्रियल, आणि पुढे न्यू जर्सी डेव्हिल्स. १९९५ ला न्यू जर्सीने डेट्रॉइटला ४-० ने हरवून कप घेतला, आणि डेट्रॉइटचा कोच कोण, तर बोमन, ज्याच्या हाताखाली लमेर स्वतः खेळला होता. त्या डेव्हिल्सची ‘न्यूट्रल झोन ट्रॅप’ म्हणजे मधल्या पट्ट्यात जाळं लावून समोरच्याला पुढे येऊच द्यायचं नाही अशी चाल होती, लोक कंटाळून जांभया द्यायचे, मला पण ते हॉकी बघवत नाही, पण काम करायचं.

प्रश्न: जे एनएचएल कधी खेळलेच नाहीत त्यांचं खेळाडू ऐकतात तरी का?

जिंकून दिलं की ऐकतात हो, दुसरं काय!

तर स्कॉटी बोमन. १९५२ मध्ये मॉन्ट्रियलच्या ज्युनियर टीमकडून खेळत होता, वय अठरा, हेल्मेट कुणी घालत नसे. समोरच्या टीमचा एक डिफेन्समन, जाँ-गी तालबो, त्याने रागाच्या भरात स्टिक डोक्यात घातली. डोक्याला जबर मार, एनएचएलमध्ये खेळायचं स्वप्न खल्लास. पुढे बोमन कोच झाला, खालून वर चढत सेंट लुईसला पोचला, आणि त्याच्या टीममध्ये कोण आलं असेल? तोच तालबो. मॉन्ट्रियलकडून सात कप जिंकून झाल्यावर उतारवयात तो बोमनच्या हाताखाली खेळला, आणि दोघं मिळून १९६८, ६९, ७० असे लागोपाठ तीनदा फायनलला गेले. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा खरी वाटेना. मराठी सिरियलमध्ये दाखवली असती तर आपण चॅनल बदललं असतं. बोमनने पुढे कोच म्हणून नऊ कप घेतले, पाच मॉन्ट्रियल, एक पिट्सबर्ग, तीन डेट्रॉइट, आणि १९९७ चा जिंकल्यावर पायात स्केट्स चढवून स्वतः कप घेऊन बर्फावर फिरला.

अलीकडचा माणूस हवा तर जॅरेड बेडनार. खेळाडू म्हणून छोट्या लीगमध्येच राहिला, साउथ कॅरोलिना स्टिंगरेजचा डिफेन्समन. त्याच टीमचा कोच होऊन २००९ ला ईसीएचएलचा कप (एनएचएलच्या दोन पायऱ्या खालची लीग), २०१६ ला एएचएलचा कप (एक पायरी खालची), म्हणजे एक एक पायरी. त्याच उन्हाळ्यात कोलोराडोने बोलावलं आणि पहिल्याच सीझनमध्ये ८२ पैकी २२ मॅच जिंकल्या, लीगमध्ये सगळ्यात शेवटचा नंबर. त्याला तेव्हाच नारळ दिला असता तर कुणी ब्र काढला नसता. नाही दिला, आणि २०२२ मध्ये त्याने स्टॅनली कप आणला. तिन्ही लीगचे कप हेड कोच म्हणून जिंकणारा तो पहिला.

टाम्पाचा जॉन कूपर तर वकील होता, आरोपींच्या बाजूने कोर्टात उभा राहायचा. एका जज्जसाहेबांच्या मुलाच्या शाळेच्या टीमला कोच हवा होता, म्हणून याला विचारलं. तिथून २०२० आणि २०२१ असे सलग दोन कप.

प्रश्न: माझा प्रश्न बाळबोध आहे. हा कोच मॅच चालू असताना बेंचमागे हाताची घडी घालून च्युइंगम चघळत उभा असतो, तो नक्की करतो काय?

अजिबात बाळबोध नाही, मी पहिल्यांदा मॅच बघितली तेव्हा मला तर पकच दिसत नव्हता.

काय असतं की आइस हॉकीत एक खेळाडू सलग फार वेळ खेळूच शकत नाही. पूर्ण ताकदीने स्केटिंग करायचं म्हणजे ४०-५० सेकंदात पाय भरून येतात. अशा एका खेपेला शिफ्ट म्हणतात. गोली सोडून अठरा जण असतात, त्यातले पाच बर्फावर, बाकीचे बेंचवर. फॉरवर्डच्या तिघातिघांच्या चार लाइन्स आणि डिफेन्सच्या तीन जोड्या. आणि खेळ न थांबवता हे लोक भिंतीवरून उड्या मारून आत बाहेर करत असतात. वीस मिनिटांचे तीन पिरियड, म्हणजे साठ मिनिटं, त्यात दर पाऊण मिनिटाला कोण आत जाणार हे ठरवायचं. तो घडी घालून उभा दिसतो तो हिशोब करत असतो: समोरची पहिली लाइन आली, आता माझी अडवणारी लाइन पाठवू, पण ती तर आत्ताच बाहेर आली, दमलीय, मग अजून दहा सेकंद कशी काढू?

खेळ थांबला की होम टीमला शेवटी बदल करायचा हक्क असतो, म्हणजे पाहुण्यांनी आपले पाच दाखवायचे आणि मग यजमानाने ठरवायचं. घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे नुसता प्रेक्षकांचा आरडाओरडा असं लोकांना वाटतं, हॉकीत त्याचा निम्मा अर्थ हा आहे. आयसिंग केलं, म्हणजे मधल्या रेषेच्या मागूनच पक पार शेवटपर्यंत फटकावून दिला, तर त्या टीमला बदलच करता येत नाही, दमलेलेच पाय घेऊन उभं राहायचं. टाइमआउट एकच, तीस सेकंदांचा. गोलवर आक्षेप असेल तर चॅलेंज करता येतं पण चुकलं तर दोन मिनिटं पेनल्टी, म्हणून मागे व्हिडिओ कोच स्क्रीनला चिकटलेला असतो आणि त्याने हो म्हटल्याशिवाय शहाणा कोच हात वर करत नाही.

आणि या मोजणीत चुकलं तर काय होतं त्याचं सगळ्यात रडवणारं उदाहरण १९७९ चं. सेमीफायनल, सातवी मॅच, बॉस्टन मॉन्ट्रियलच्या घरी. बॉस्टन ४-३ ने पुढे, अडीच मिनिटं राहिलीत. आणि बॉस्टनचा एक माणूस जास्त बर्फावर गेला. पेनल्टी. त्या पॉवर प्लेमध्ये गी लाफ्लेरने बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये मॉन्ट्रियल जिंकलं, पुढे कपही त्यांनीच घेतला. मॉन्ट्रियलच्या बेंचमागे कोण? अहो बोमनच! आणि बॉस्टनचा कोच होता डॉन चेरी, जो खेळाडू म्हणून एनएचएलमध्ये जेमतेम एक मॅच खेळला होता. बॉस्टनची नोकरी त्याच उन्हाळ्यात गेली. मग चेरी टीव्हीवर गेला, भडक कोट घालून सगळ्यांना शिव्या घालत जवळजवळ चाळीस वर्षं तिथेच टिकला, आणि २०१९ मध्ये हरिकेन्सची पोरं घरच्या मॅच जिंकल्यावर बर्फावर गंमत म्हणून नाटकं करायची ते बघून त्यांना वाह्यात पोरांची टोळी म्हणाला. हरिकेन्सने ते शब्द टीशर्टवर छापून विकले :D

प्रश्न: आम्ही ओंटारियोत असतो. मुलगा वीस वर्षांचा, ओएचएलमध्ये तीन सीझन खेळला, आता गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालंय. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. म्हणतो कोच होणार, शिकणार नाही. आम्हाला हॉकीतलं काही कळत नाही, याचे बाबा तर बोलतच नाहीयेत त्याच्याशी. काय करावं?

ताई, सगळ्यात आधी एक व्यवहाराची गोष्ट. ओएचएलमध्ये (ओंटारियोची ज्युनियर लीग) खेळलेल्या पोरांना शिक्षणाचं पॅकेज असतं, साधारण हिशोब असा की जितके सीझन खेळला तितक्या वर्षांची कॉलेजची फी टीमकडून. त्याला अटी असतात आणि वापरायची मुदत पण असते, तेव्हा त्याचा करार काढा, नीट वाचा आणि टीमच्या ऑफिसला याच आठवड्यात फोन करा. ही त्याने घाम गाळून, गुडघे फोडून कमावलेली रक्कम आहे, ती सोडू नका.

आणि कोचिंग की शिक्षण असा प्रश्नच नाहीये. युनिव्हर्सिटीत असताना तिथल्या टीमला विद्यार्थी असिस्टंट म्हणून, व्हिडिओ कापायला, आकडे लिहायला माणसं लागतातच. बाजूला गावातल्या मायनर हॉकीमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या हॉकीत, बारातेरा वर्षांच्या पोरांच्या टीमला असिस्टंट म्हणून जाऊ दे. हॉकी कॅनडाचे कोचिंगचे कोर्स आहेत, पायरीपायरीचे, शिवाय मुलांबरोबर काम करायचं म्हणून पोलीस तपासणी आणि वागणुकीचा एक कोर्स लागतो. सुरुवातीला पैसे जवळजवळ नसतातच, हे त्याला आत्ताच कळलेलं बरं. पहाटे पाचला रिंकवर जायचं आणि कुणाच्या तरी बाबांच्या शिव्या खायच्या, माझ्या पोराला कमी का खेळवलं म्हणून. एक सीझन हे करून त्याला अजून मजा वाटत असेल तर मग बोला.

बाबांना एक सांगा. टो ब्लेक नावाचा माणूस होता, मॉन्ट्रियलचा मोठा खेळाडू, १९४८ मध्ये घोटा मोडला आणि खेळणं संपलं. सात वर्षं छोट्या छोट्या टीम्सना कोचिंग करत फिरला, १९५५ मध्ये मॉन्ट्रियलने बोलावलं आणि तेरा सीझनमध्ये त्याने आठ कप घेतले, त्यात पाच सलग. तुमच्या मुलाचं असं होईल असं मी म्हणत नाहीये, लाखात एकाचंही होत नाही. पण पाय गेला म्हणजे खेळ गेला असं त्याच्या डोक्यात नाहीये, ते बाबांनी निदान ऐकून तरी घ्यावं. आणि गुडघ्याचं फिजिओ मध्येच सोडू देऊ नका, बेंचमागे तासन् तास उभं राहावं लागतं.

प्रश्न: बाई कोच कुणी आहे का एनएचएलमध्ये? मुलीने विचारलंय.

आहे. जेसिका कॅम्पबेल, २०२४ च्या ऑक्टोबरपासून सिएटल क्रॅकनच्या बेंचमागे, पूर्ण वेळ असिस्टंट कोच म्हणून उभी राहणारी पहिली बाई. कॅनडाच्या टीमकडून खेळलेली, मूळची सस्कॅचवानची. ती आली स्केटिंगच्या दारातून: खेळणं थांबवल्यावर स्केटिंग शिकवायला लागली, एनएचएलची पोरं उन्हाळ्यात तिच्याकडे यायला लागली कारण स्केटच्या पात्याच्या कडेवर वजन टाकून वळायचं कसं हे ती नीट फोडून सांगायची, मग जर्मनीत असिस्टंट, २०२२ च्या पुरुषांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला जर्मनीच्या बेंचवर, मग एएचएलमध्ये कोचेला व्हॅली. मुलीला सांगा, हेड कोचची जागा अजून रिकामी आहे.

प्रश्न: कोचला काढून का टाकतात सारखं? खेळाडू खेळत नाहीत आणि मार याला.

कारण तेवीस खेळाडू काढता येत नाहीत, करार असतात, पगाराची कमाल मर्यादा असते, कोच मात्र एका फोनवर जातो. क्रेग बेरुबीचं बघा. खेळाडू म्हणून मारामारीवाला, १०५४ मॅचमध्ये ६१ गोल आणि पेनल्टीची मिनिटं ३१४९! म्हणजे दोन दिवसांहून जास्त वेळ नुसता पेनल्टी बॉक्समध्ये बसून काढला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सेंट लुईसने आधीचा कोच काढून याला तात्पुरता म्हणून उभा केला. जानेवारीच्या सुरुवातीला टीम अख्ख्या लीगमध्ये शेवटची होती, जूनमध्ये त्यांनी बॉस्टनला सातव्या मॅचमध्ये हरवून कप उचलला, फ्रँचायझीचा पहिला. पुतळा उभारतील असं वाटलं असेल ना? २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्यालाही काढला. पाच महिन्यांनी टोरंटोने घेतला. या धंद्यात सामान पूर्ण सोडायचंच नाही.

प्रश्न: कोच स्वतः मॅचमध्ये खेळायला उतरलाय असं कधी झालंय का?

झालंय, आणि तेही फायनलमध्ये. ७ एप्रिल १९२८, न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध मॉन्ट्रियल मरून्स, दुसरी मॅच. रेंजर्सचा गोली लोर्न शाबो, त्याच्या डोळ्यावर पक बसला, रक्तबंबाळ. तेव्हा टीम्स राखीव गोली ठेवतच नसत. प्रेक्षकांत ओटावाचा चांगला गोली बसला होता, त्याला घेऊ का विचारलं, मरून्सचा कोच म्हणाला नाही. मग रेंजर्सचा कोच आणि मॅनेजर लेस्टर पॅट्रिक, वय ४४, केस पांढरे, तरुणपणी डिफेन्समध्ये खेळलेला, त्याने शाबोचे पॅड स्वतःच्या पायाला बांधले आणि जाळ्यासमोर जाऊन उभा राहिला. पोरांनी जीव तोडून त्याच्यापर्यंत पक पोचू दिला नाही, पोचला तो त्याने अडवला, एकच गोल खाल्ला, आणि ओव्हरटाइममध्ये रेंजर्स २-१ ने जिंकले. पुढे मालिका ३-२ ने जिंकून कप पण घेतला.

पुढच्या मॅचला मात्र त्याने जो मिलर नावाचा गोली दुसऱ्या टीमकडून मागवून घेतला, आणि आपण परत कोट घालून बेंचमागे.